दोन सिटांची वाळू

माझ्या आयुष्यातले निदान दोनशे रविवार एका माणसाने खाल्ले आणि वर ढेकरसुद्धा दिला नाही.

तो माझा तेलगावचा घरमालक. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत सहा वर्षं भाड्याने राहिलो. बायको बीडला दवाखान्यात नोकरीला, रविवारी नेमकी तिची ड्यूटी, म्हणून मी रविवारी तेलगावातच पडून असायचो. हे घरमालकांनी पहिल्याच महिन्यात हेरलं.

ते लाल गाडीवरचे निवृत्त कंडक्टर. सगळा गाव त्यांना 'मास्तर' म्हणायचा. आता, मुलांना पाढे शिकवणारा मास्तर मी. पण गावाने ती पदवी आधीच देऊन टाकली होती, म्हणून माझ्या वाट्याला नुसतं 'सर' आलं. भांडणाची सुरुवात इथूनच.

खोली बघायला गेलो तेव्हा ते ओट्यावर उभे होते. एक पाय पायरीवर, एक वर, हात चौकटीला. गाडी चालू असल्यासारखे किंचित डोलत होते. 'या, बसा' वगैरे काही नाही.

"कुठून कुठं?"

"अंबाजोगाईहून बदली झाली. इथे खोली हवीय."

"किती जण?"

"सध्या एकटाच."

मला त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं. माझी उंची बेताची आहे हे मी नाकारत नाही.

"फुल का हाफ?"

आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओरडल्या, "अवो, गिऱ्हाईक हाय ते, पळून जाईल!" मी पळालो नाही. ही माझी चूक.

निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण ड्यूटी सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या आधी फिरायचे: "पुढं सरका, पुढं सरका, मदी लई जागा हाय." मयताच्या घरी बसायला गेले की दारातून डोकी मोजायचे, बोटाने, ओठ हलवत, आणि आकडा जुळला की मान डोलवायचे. कुणाशी जुळवून बघायचे, देव जाणे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका लग्नात पुढाऱ्यांसाठी पहिल्या रांगेत दोन मोठे सोफे ठेवले होते. मुहूर्त टळून तास झाला तरी पुढारी आलेले नव्हते आणि मागे माणसं उभी. मास्तरांनी सरळ चार माणसांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. त्यातला एक दत्ता नावाचा शेतकरी. तो बिचारा अवघडून म्हणाला, "मास्तर, हितं रिझर्व्ह लिवलंय की."

"लिवू दे. आमच्या गाडीत आमदाराची सीट असायची. आख्ख्या नोकरीत एकबी आमदार चढला न्हाई. मग काय सीट मोकळी न्यायची? कायदा असा हाय, हक्काचा मानूस चढंस्तवर कुणीबी बसावं. तो चढला की मुकाट उठावं. बस."

दत्ता बसला. दहा मिनिटांत पुढारी आलेच. मास्तरांनी तितक्याच तत्परतेने दत्ताला दंडाला धरून उठवलं. "उठ. वाद घालायचा न्हाई." दत्ता अक्षता संपेपर्यंत खांबाला टेकून हसत उभा होता. हा प्रसंग लक्षात ठेवा. मी ठेवला नाही आणि नंतर पस्तावलो.

आता त्या रविवारांकडे येतो.

मास्तरांकडे एक जुनी मोपेड होती. तिच्या मागच्या सीटच्या दांडीला त्यांनी सायकलची घंटा बसवून घेतली होती. मागच्याने ती दोनदा वाजवल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा वाजवली तर गाडी जिथे असेल तिथे थांबायची, मग मागून उसाची ट्रॉली का येत असेना.

"मास्तर, मी बसलोय. तुम्हाला वजन कळत नाही का?"

"डायव्हरला मागचं काय कळत नसतं. बेल द्या."

तेलगावच्या भर चौकात, चहाच्या टपऱ्यांसमोर, मी, सरकारी शिक्षक, टण् टण् वाजवायचो आणि मग आमची स्वारी निघायची. सोमवारी वर्गात मी फळ्याकडे पाठ केली की कुठल्यातरी बाकावरून बारीक आवाज यायचा: टण् टण्. मी सहा वर्षांत तो आवाज कुणाचा ते शोधू शकलो नाही. मला संशय सगळ्यांचाच आहे.

आम्ही जायचो माजलगावच्या धरणाच्या मागच्या पाण्याकडे. कालव्याचा रस्ता, मग बाभळींतून गाडीवाट, मग शेवटचा टप्पा चालत. आणि मग एकदम समोर पाणी. नुसतं पाणी. पलीकडचा काठ उन्हात विरघळून गेलेला. अलीकडे वाळू. नदीची जुनी वाळू, गाळ मिसळलेली, त्यामुळे बांधकामाला निकामी आणि म्हणूनच आमच्या जिल्ह्यात अजून जागेवर शिल्लक. उन्हाळ्याकडे पाणी मागे हटायला लागलं की दर आठवड्याला ती पाच-दहा पावलं वाढायची आणि हटणारं पाणी तिच्यावर पायऱ्यांसारख्या बारीक रेघा ठेवून जायचं. सकाळी त्या रेघांवर टिटव्यांच्या पायांशिवाय दुसरा ठसा नसायचा. पाण्यात बगळे असे उभे, जणू कुणी त्यांना तिथे विसरून गेलंय. तिथे बसलं की आपल्याला कान आहेत हे नव्याने कळायचं.

हे सगळं मी मास्तरांसमोर एकदाही कबूल केलं नाही. का करावं? त्या माणसाने तिथे मला एक शब्द बोलू दिला असता तर केलं असतं.

तिथले नियम: चपला बाभळीखाली, एका रेषेत. मग मास्तर टाचेने वाळूत चौकोन काढायचे, दोन सिटांचा. "तुमची खिडकी," असं म्हणून मला पाण्याच्या बाजूला बसवायचे आणि स्वतः शेजारी, पाय सरळ, हात गुडघ्यांवर. मोबाईल बंद. फोटो नाही. बोलायचं नाही. नऊ ते बारा. एकदा मला खोकला झाला होता, तर पहिल्या खोकल्याला त्यांनी एक बोट वर केलं, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला मला बाभळीपाशी नेऊन उभं केलं. खोकला संपल्यावर परत सीटवर.

"आख्खी नोकरी माणसांचा कालवा ऐकलाय, सर," एवढंच एकदा परत येताना म्हणाले. मला वाटलं, चला, कारण कळलं. पण ते कारण अर्धंच होतं.

कारण ती वाळू मास्तरांची होती. म्हणजे धरणाचं पाणी हटल्यावर जी जमीन उघडी पडते ती ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांना आधी कसायला मिळते. गाळपेर म्हणतात तिला. मास्तरांचं गाव त्या पाण्याखाली होतं, म्हणून दीड एकराची पट्टी त्यांच्या नावावर. डावीकडे काकडी, उजवीकडे टरबूज, पलीकडे भुईमूग, सगळा काठ हिरवागार; आणि मधोमध मास्तरांची पट्टी, टकलासारखी मोकळी. त्यात त्यांनी कधी मेथीची काडीसुद्धा लावली नाही.

आमच्या भागात जमीन पडीक ठेवणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते सांगायला नको. मास्तरांना कुणी विचारलं की ते उत्तर द्यायचे, पण दरवेळी वेगळं. एकाला म्हणाले, माती खारी हाय. दुसऱ्याला म्हणाले, माझी कंबर धरती. काकूंना म्हणाले, या साली न्हाई, फुडल्या साली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जागा रिझर्व्ह हाय."

"कोणासाठी?"

"चढल्यावर दिसंल."

उजवीकडची टरबुजं दत्ताची. तोच, सोफ्यावरचा. त्याची पट्टीही गाळपेरीचीच, अर्ध्या एकराची; स्वतःची जमीन नाही. तेवढ्यात भागायचं नाही म्हणून तो आणि त्याची बायको सुमन दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, माघ लागता लागता टोळीच्या आधी परतायचे आणि उरलेल्या ओलीवर टरबूज लावायचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. दिवाळीनंतर हजेरीपटात तिचं नुसतं नाव असायचं.

दत्ता दर वर्षी एकदा, एकदाच, मास्तरांना विचारायचा. टोपी हातात घेऊन.

"मास्तर, पट्टी पडूनच हाय. मला द्या की कसायला. एवढी मिळाली तर कोयता टाकतो बगा मी."

"रिझर्व्ह हाय, दत्ता."

"बरं." आणि तो आपल्या वेलींकडे परत.

त्या 'बरं'वर माझं डोकं फिरायचं. परतीच्या वाटेवर, बोलायची मुभा असलेल्या मोपेडवर, मी मास्तरांच्या पाठीला भाषण द्यायचो. एक माणूस तुमच्या शेजारी हंगामाला घर सोडतो, आणि तुम्ही दीड एकरावर मांडी घालून बगळे बघता! पाठ काही बोलायची नाही. फार झालं की म्हणायची, "बेल दिल्याबिगर गाडीत बडबड करू नये." मी रागाने एकदा बेल द्यायचो आणि गाडी थांबायची. मग परत दोनदा.

पाचव्या वर्षी, मार्चमध्ये, नोटीस आली. ज्यांनी पेरणी केली नाही त्यांची परवानगी रद्द. मंगळवारी पाटबंधारे खात्याचे साहेब पाहणीला येणार. मागोमाग बातमी आली की गावातल्या एका पुढाऱ्याच्या भाच्याने त्या वाळूवर डोळा ठेवलाय. तिथे पत्र्याची शेड टाकायची, रंगीत खुर्च्या, तळलेली मासळी आणि एक मोठा स्पीकर.

"मास्तर, दोन ओळी काकडी तरी टोचा!"

"टोचायची असती तर तवाच टोचली असती."

"जागा जाईल."

"जाऊ द्या. खोटं तिकीट मी फाडत न्हाई."

आता तुम्ही सांगा, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? झोपावं. मी मात्र सोमवारी तेलगावच्या बाजारातून अकरा टरबुजं आणली, चांगली मोठी, हिरवीगार, दोन फेऱ्यांत. मंगळवारी शाळेत रजा टाकून, उजाडताच ती घेऊन दत्ताच्या पट्टीवर हजर झालो. त्याला म्हटलं, कडेचे वेल दे, मास्तरांची पट्टी वाचवू. दत्ताने डोकं खाजवलं, बायकोकडे बघितलं आणि विळा घेतला.

सुमन कमरेवर हात ठेवून उभी. "सर, तुमी शिकलेली मानसं. अन् बाजारातली टरबुजं वाळूत मांडायलेत?"

"पट्टी त्या भाच्याकडे गेली तर रोज स्पीकर ऐकावा लागेल, वहिनी."

"आन् आमचे वेल कापायलेत त्ये? पट्टी मास्तरची, वेल आमचे, आन् आमाला काय, घंटा?"

दत्ता मात्र वेल कापत राहिला. "गप गं. म्हातारा शेजारी हाय आपला. कुनाला तरास न्हाई त्याचा." आम्ही वेल वाळूत पसरले, देठांना सुतळीने टरबुजं बांधली, सुतळीवर वाळू टाकली. दुरून बघितलं. मला तर अभिमान वाटला.

साहेब दहाला आले. मध्यमवयीन, घामेजलेले, काखेत फाइल. त्यांनी आमच्या पिकाकडे बघितलं, मग दत्ताच्या पिकाकडे, मग परत आमच्या. तेव्हा मला दिसलं, जे कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला आधी दिसलं असतं. मार्चमध्ये त्या सगळ्या काठावर टरबुजं लिंबाएवढी होती. फक्त मास्तरांच्या पट्टीवर ती घागरीएवढी झाली होती. मी पाढे शिकवतो. दत्ताने तरी बोलायला नको होतं का? नंतर विचारलं तर म्हणाला, "तुमी एवढ्या हौसेनं आनलीवती, सर."

साहेब वाकले. सगळ्यात मोठं टरबूज त्यांनी पायाने कलतं केलं. त्यातून एक त्रिकोणी फोड टपकन वाळूवर पडली. दुकानदाराने लाल आहे हे दाखवायला काढून परत बसवलेली फोड.

"वा!" साहेब म्हणाले. "वेलीवरच कापून येतं का तुमच्याकडं?"

एवढ्यात मागून घंटा वाजली. एकदा. मोपेड बाभळीखाली थांबली. पुढे मास्तर, मागे काकू. मास्तर चपला काढून, रेषेत ठेवून, चालत आले. आपल्या त्या कोऱ्या वाळूवर त्यांना पावलांचा चिखल, वेल, सुतळी आणि अकरा टरबुजं दिसली. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

"हे लगेज कुनाचं?"

मी त्यांना डोळ्याने खुणावत होतो, भुवयांनी, शेवटी गुडघ्याने. त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं, "साहेब, हे विनातिकीट हाय. पीक माझं न्हाई. मी कायबी पेरलेलं न्हाई."

"मास्तर!" मी जवळजवळ रडलो.

"मग मला पडीक लिहावं लागेल, काका," साहेब जरा हळू म्हणाले. "पडीक लिहिलं की पट्टी तुमची राहत नाही."

"लिवा."

साहेबांनी पेन काढलं. मास्तर पाण्याकडे बघत उभे राहिले, हात गुडघ्यांवर ठेवायला बसलेलेच नसल्याने कुठे ठेवावे ते न कळून. त्या क्षणी मला त्या माणसाची मान मुरगळावीशी वाटत होती आणि ती पट्टीही जाऊ नये असं वाटत होतं.

दत्ता पुढे आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती.

"मास्तर, एक इचारू? रिझर्व्ह सीटवर हक्काचा मानूस चढंस्तवर कुनीबी बसावं, हा कायदाच हाय न्हवं?"

मास्तरांनी मान वळवली.

"लग्नात तुमीच म्हनलावता. सोफ्यावर. मी बसलो. आन् उठलोबी, वाद न घालता." तो थांबला. "मला बसू द्या. तुमचं कोन हक्काचं असंल ते आलं की मी उठतो."

एक टिटवी तेवढी ओरडून गेली आणि मास्तरांनी तिला बोट वर केलं नाही.

"उठशील?"

"उठतो."

"मुकाट?"

"मुकाट."

"दोन सिटाएवढी वाळू पान्याकडंला मोकळी राहील. तिच्यात वेल आला न्हाई पायजे."

"न्हाई येनार," सुमन नवऱ्याच्या आधी म्हणाली. "मी बगते."

मास्तर साहेबांकडे वळले. "काय लिवून द्यावं लागंल?" साहेब म्हणाले, हक्क सोडल्याचं लिहून द्या, दत्ताला भूमिहीन म्हणून पुढचा नंबर लागतो, मी शिफारस करतो. मास्तरांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पाठ वाकवायला मला कुणी विचारलं नाही. साहेबांनी ती फोड धुऊन खाल्ली आणि म्हणाले, गोड आहे.

परत येताना काकू कालव्याच्या रस्त्यापर्यंत चालत पुढे गेल्या आणि तोवर मागच्या सीटवर मी बसलो. मी बेल दिली नाही. म्हटलं, "आज सांगितल्याशिवाय देणार नाही. कोणासाठी रिझर्व्ह होती?"

मास्तरांनी हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"आमच्या गावची गाडी तिथंच थांबायची, सर. त्या वाळूवर. वर वड होता. गाव उठलं तवा मानसं कुठंकुठं गेली. पुन्याला, परभनीला, कोन कारखान्यावर. उन्हाळ्यात पानी हटलं की वाटायचं, कुनी बगाया आलं तर उतरून बसायला थांब्यावर जागा नको? काकड्यांत बसवायचं का त्यास्नी?"

"आलं कधी कोणी?"

"आजून न्हाई."

मी दोनदा बेल दिली.

पुढच्या दिवाळीला दत्ताने कोयता उचलला नाही. हजेरीपटातल्या त्या नावापुढे मार्चपर्यंत सलग हजर लागलं. एप्रिलमध्ये मास्तरांची वाळू हिरव्या वेलींनी झाकून गेली आणि पाण्याकडेला दोन सिटांचा चौकोन तेवढा कोरा राहिला. सुमनने त्याच्या कडेने खडे मांडले होते. दर रविवारी आम्ही वेलींतून पाय उचलत तिथे जायचो. मास्तर कुरकुर करायचे: पानांचा आवाज येतो, टरबुजाचा वास येतो, सुमन फार गाते. मी म्हणायचो, भोगा आता. म्हणजे मनात; बोलायची बंदी कायम होती.

माझी बदली होण्याआधीच्या बहुधा शेवटच्या रविवारी आम्ही पोचलो तर चौकोनाजवळ दत्ता उभा होता आणि त्याच्या समोर एक म्हातारं जोडपं. नवऱ्याच्या हातात काठी, बायकोच्या हातात पाण्याची बाटली. दत्ता सांगत होता, "बसा, बसा. जागा तुमचीच हाय. मी नुसता बसलेला." आणि तो खरोखरच वेलींतून मागे सरकला, अगदी सोफ्यावरून उठल्यासारखा.

मास्तर थबकले. मग पुढे गेले. "कुठून कुठं?"

"पुण्याहून," म्हातारा म्हणाला आणि काठीने पाण्याकडे दाखवलं. "तिथं."

मास्तरांनी त्यांना बसवलं. खिडकी त्या बाईला दिली. आणि मग तो म्हातारा बोलायला लागला. वड कुठे, विहीर कुठे, शाळेचा पत्रा कसा उडाला होता, कोणाचा बैल कोणाच्या अंगणात शिरला होता. काठीने पाण्यावर गाव काढत होता. त्याची बायको मध्येच त्याला चुकीचं घर दाखवल्याबद्दल टोकत होती. दोघं एकदम बोलत होते. आणि मास्तर वाळूवर, चौकोनाच्या बाहेर, उकिडवे बसून ऐकत होते. मध्येच स्वतःही बोलत होते. मोठ्याने. हसत होते.

मी पाहत राहिलो. सहा वर्षं! सहा वर्षं या माणसाने मला खोकू दिलं नव्हतं.

बारा वाजले. साडेबारा वाजले. ऊन टाळूवर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले. मी रागाने बाभळीखाली गेलो, मोपेडच्या मागच्या सीटवर बसलो आणि जोरात घंटा वाजवली. टण् टण्. निघा आता.

मास्तरांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बाजूला पडलेलं दत्ताच्या डब्याचं झाकण उचललं, त्यावर बोटातली अंगठी आपटली. एकदाच.

टण्.

मी मुकाट बसून राहिलो. नियम नियम असतो. गाडी थांबलेली होती.